वकीलबाईंनी न सांगितलेलं उत्तर

रझियाबाई, तुम्ही गेलात आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर सोबत घेऊन गेलात. तेरा वर्षं मी तो प्रश्न विचारत होतो. दर बाजाराच्या दिवशी, पेठ वडगावात, तुमच्या वडिलांच्या शिलाईच्या दुकानात, त्या डुगडुगणाऱ्या बाकड्यावर बसून. तेरा वर्षं तुम्ही हसलात, चष्मा पदराला पुसलात आणि म्हणालात, "नाना, चहा घ्या." चहा मी घेतला. उत्तर काही मिळालं नाही.

मी चौथी नापास माणूस. हे लिहायला बसलो तर नात म्हणाली, आजोबा, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर लिहिते. म्हटलं, नको. बाईंशी मी कधी दुसऱ्याच्या तोंडून बोललो नाही, आता कशाला? अक्षर वाकडं आलंय, पण माझं आहे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. साक्षीदारानं पहिल्यापासून सांगावं, मधनंच सुरुवात करू नये, असं तुम्हीच म्हणायचा.

माझं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस काहिलीत आटवायचा आणि ती काहील नेमकी कोणत्या घटकेला उतरवायची ते ठरवायचं, हे गुळव्याचं काम. त्यात आमच्या शिवारात माझ्या तोडीचा कोणी नव्हता. ही बढाई नाही, खरं आहे म्हणून लिहितोय. एके दिवशी सकाळी म्हादूशी माझं वाजलं. म्हादू म्हणजे माझा बांधाशेजारी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. भांडण पाटाचं पाणी कोणी आधी घ्यायचं ह्यावरनं. तो ओरडला, "नाना, तुझी चिपाडं एक दिवस पेटत्यात का न्हाईत बघ!" दहा माणसांनी ऐकलं. आणि त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, कडुसं पडलेलं असताना, माझी जळणाला वाळत घातलेली उसाची चिपाडं पेटली आणि त्याबरोबर गुऱ्हाळघराचं छप्पर गेलं. मी धावत बाहेर आलो तर एक माणूस पाठमोरा, उसाच्या कडेनं पळत चाललेला. अंगावर काळं घोंगडं, त्याला पांढरा काठ. म्हादूकडं तसलंच घोंगडं होतं.

आमच्यात रीत आहे. भांडण मिटेना झालं की गावातल्या जोतिबाच्या देवळात ताटात गुलाल ठेवायचा. ज्याचं खरं असेल त्यानं तो मुठीत उचलायचा आणि देवाच्या तोंडावर बोलायचं. जो उचलणार नाही तो खोटा. मी उचलला. सगळ्या गावासमोर म्हटलं, "म्हादूला पळताना मी ह्या डोळ्यांनी बघितला." म्हादूपुढं ताट धरलं. त्यानं हाताची घडी घातली आणि गप उभा राहिला. झालं. गावाचा निकाल लागला. मी तिथनं तसाच, गुलालानं माखलेल्या हातानं पोलीस ठाण्यात गेलो.

म्हादू दीड महिना आत होता. त्याची बायको दीड महिना आमच्या दारावरनं मान खाली घालून पाण्याला जात होती. मला वाईट वाटलं नाही, हे खरं सांगतो. मला बरं वाटत होतं. त्याला जामीन मिळाला तसा मी चिडलो. मला वाटायचं, जामीन म्हणजे सुटका. आणि हेही वाटायचं की, जामीन मागितला म्हणजे गुन्हा कबूल केला. दोन्ही एकाच वेळी वाटायचं! तुम्हाला हे नंतर सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसला होता. "नाना, एकतर सुटला म्हणा न्हायतर कबूल झाला म्हणा. जामीन म्हंजी नुसतं एवढंच, की बोलवलं की येतो." ते एक वाक्य मी पुढं किती जणांना सांगितलं असेल!

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. म्हादूची वकील कोण म्हणून बघतो तर तुम्ही. शिंप्याची मुलगी, माझ्या खांद्याएवढी उंची, हातात फाईल आणि पायात रबरी चप्पल. कोल्हापूरच्या कोर्टात व्हरांड्यात मी तुम्हाला गाठलं आणि बोललो ते आजही कानात आहे.

"बाई, गुन्हेगाराची बाजू घ्यायला लाज वाटत न्हाय व्हय?"

तुम्ही फाईल बगलेत मारली. "नाना, गुन्हेगार कुणी ठरवला?"

"गावानं."

"मग हितं कशाला आलो आपण सगळी? गावातच शिक्षा देऊन मोकळं व्हायचं की."

 मला उत्तर न सुचणं ही आमच्या घरात बातमी असते.

मग साक्ष. मी पिंजऱ्यात. तुम्ही जजसाहेबांना म्हणालात, साक्षीदार वयस्कर आहेत, खुर्ची द्यावी. मी म्हटलं, नको, मी उभा राहीन. मला वाटलं, ह्या आता वरच्या पट्टीत बोलणार, बोट नाचवणार, माझी दांडी उडवायला बघणार. मी पाय रोवून तयार होतो. आणि तुम्ही विचारलं ते गुळाचं.

"नाना, काहील उतरवायची वेळ झाली हे कसं ओळखता?"

सरकारी वकील उठले. ह्याचा खटल्याशी काय संबंध, म्हणाले. साहेब म्हणाले, बघूया. मला तर बरंच वाटलं, माझ्या कामाचं विचारतात म्हणून. म्हटलं, रंगावरनं, वासावरनं, बुडबुडा कसा फुटतो त्यावरनं. आणि शेवटी खात्रीला थेंबभर पाक गार पाण्यात टाकायचा. गोळी धरली तर उतरवायची.

"रंग बघून उतरवत नाही?"

"रंग बघून उतरवतो त्यो गुळव्या न्हवं. रंग फसवतो."

कोर्ट हसलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही एक पाऊल पुढं आलात आणि अगदी हळू, आजारी माणसाला विचारावं तसं विचारलंत, "मग त्या संध्याकाळी तुम्ही काय बघितलंत, नाना? रंग का गोळी?"



"घोंगडं बघितलं," मी म्हटलं.

"तसलं घोंगडं गावात आणखी कुणाकडं आहे?"

"हायत की."

"किती घरांत?"

"निम्म्या गावात असत्याल. एकाच घोंगडीवाल्याकडनं घेतल्यात सगळ्यांनी, यात्रेत."

"तुमच्या घरात?"

"माझ्याकडंबी हाय."

"आणि त्या माणसाचं तोंड?"

 टाईप करणाऱ्याची बोटं वर थांबलेली. म्हादू माझ्याकडं बघत होता, तेव्हाही हाताची घडी घालून. माझ्या डोक्यात गुलाल होता. देवापुढं मी म्हटलं होतं, ह्या डोळ्यांनी बघितला. आता इथं नाही म्हटलं तर तो गुलाल खोटा. व्हय म्हटलं तर म्हादू आत. एक शब्द, आणि दोन्हीकडनं मी अडकलेला. मी आयुष्यात मागं हटलेला माणूस नाही. बायको म्हणायची, ह्यांना वाट चुकली तरी परत फिरायचं ठाऊक नाही, पुढंच जातील. पण तुम्ही मला गुळाचं विचारून ठेवलं होतं. माझ्याच तोंडून वदवून घेतलं होतं, रंग फसवतो म्हणून. त्याच्यावर मी खोटं कसं बोलू? देवाला फसवलं असतं एक वेळ. काहिलीला कसं फसवणार?

"तोंड न्हाय बघितलं," मी म्हटलं.

तुम्ही म्हणालात, "एवढंच, साहेब," आणि खाली बसलात. हसला नाहीत, म्हादूकडं बघितलं नाहीत, काही नाही. बसून फाईलीचा बंद बांधला.

बाहेर पायऱ्यांवर मात्र आलात माझ्यामागं. "नाना, साक्षीदार लई बघितले मी. तोंड नाही बघितलं असं कबूल करणारा तुमच्यासारखा विरळा." मी म्हटलं, "वाट सोडा." मला तेव्हा रडू येत होतं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून म्हटलं. हे मी तुम्हाला तेरा वर्षांत सांगितलं नाही. आता सांगतोय.

म्हादू निर्दोष सुटला. गाव म्हणालं, नानानं खोटा गुलाल उचलला. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आमच्या गावची सासनकाठी जाते. ताडासारखी उंच काठी, डोंगरावर नाचवत न्यायची. तिचा पुढचा मान आमच्या घराकडं, माझ्या आज्यापासनं. त्या वर्षीपासून मी काठीला हात लावला नाही. कोणी अडवलं नाही, बरं का. कोणाची छाती नव्हती. मीच लावला नाही. पोराला पुढं केलं आणि मी कडेनं चाललो.

आणि म्हणून मी तुमच्या दुकानात आलो. सलीम, तुमचा भाऊ, मशीनवर होता. तुम्ही कोपऱ्यात, कापडाच्या तुकड्यांच्या ढिगाशेजारी टेबल लावून. मी उभ्यानंच विचारलं, "बाई, तुम्ही त्याची वकील. तुम्हाला ठावं असणारच. म्हादूनं आग लावली का न्हाय?" कारण त्यानं लावली असेल तर माझा गुलाल खरा. तोंड दिसलं नसेल, पण माणूस तोच. मग मी काठीला हात लावू शकतो. तुमच्या एका शब्दावर माझं एवढं होतं.

"अशिलाचं वकिलापाशी राहतं, नाना."

"मला एकट्याला सांगा. कुणाला बोलणार न्हाय."

"तुमच्यासारख्या एकट्यांनी तर ह्यो जिल्हा भरलाय. बसा. चहा घ्या."

बसलो. त्या दिवशी बसलो तो तेरा वर्षं बसलो.

बाजाराच्या दिवशी तुम्ही कोणाकडून काही न घेता लोकांचं ऐकायचा. मला वाटलं होतं, कायद्याचे प्रश्न म्हणजे काहीतरी मोठं असेल. तर माणसं येऊन काय विचारायची? नवऱ्यावर तक्रार दिली, आता घर मोडतंय, मागं घेऊ का? पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही मागितली, करू का? मेव्हण्याचं नाव तक्रारीत आलं म्हणजे त्याला शिक्षा झाली का? सूर्य मावळल्यावर बाईमाणसाला ठाण्यात नेता येतं का? सगळे प्रश्न भीतीचे. प्रत्येकाच्या आवाजात तीच भीती, दीड महिना आमच्या दारावरनं जाणाऱ्या म्हादूच्या बायकोच्या चालण्यात होती ती. ही भीती मला तोवर ऐकूच आली नव्हती.

आणि तुमची उत्तरं. तक्रार दिली म्हणजे गुन्हा झाला असं नाही, नुसता तपास सुरू झाला. कोऱ्या कागदावर सही कुणाच्या बापाला द्यायची नाही. धरलं तर एका दिवसाच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं, मध्ये रविवार आला तरी. का धरलं ते सांगावं लागतं. आणि तडजोड काही गुन्ह्यांत चालते, काहींत दोघांचं मिटलं तरी सरकार सोडत नाही. मी ऐकून ऐकून मधनंच बोलायला लागलो. निपाणीकडचा एकजण म्हणाला, "जामीन घेतला म्हंजी कबूलच की," तर मी उठलोच. "कोण म्हणतंय? नुसतं एवढंच, की बोलवलं की येतो!" तुम्ही टेबलावर डोकं ठेवून हसलात. "सलीम, नानांस्नी एक काळा कोट शिव. मापं घे."

सलीम म्हणाला, "ह्यांच्या मापाचा कोट शिवला तर बाह्या दुमडायलाच निम्मं कापड लागंल."

"माझ्या बाह्या वर असत्यात नेहमी," मी म्हटलं.

परवा-परवा कायद्याची नावंच बदलली, कलमांचे आकडे बदलले. मी म्हटलं, आता बाईंचं संपलं, ह्या वयात कुठं पाठ करणार? तर तुम्ही शाळेची वही आणलीत. डाव्या अंगाला जुने आकडे, उजव्या अंगाला नवे, मध्ये शिंप्याच्या खडूची रेघ. "मापं बदलली, नाना. माणूस त्योच हाय." त्या वहीकडं मी बघत राहिलो. 

पण मला सगळ्यात अवाक करतं ते दुसरंच आहे. एका अंगाला सरकार. पोलीस, सरकारी वकील, शिक्के, गाड्या, इमारत. आणि एका अंगाला म्हादू, तुटक्या चपलेचा. आणि कायदा काय म्हणतो? सिद्ध करायचं ते त्या एवढ्या मोठ्या सरकारनं. म्हादूनं नुसतं उभं राहायचं. तोंड उघडलं नाही तरी चालेल. हे ज्यानं लिहिलं त्याची छाती केवढी असेल! जोतिबाच्या डोंगरावर पहिल्यांदा चढून खाली बघितलं होतं, सगळं शिवार, नदी, गावं एका नजरेत, तेव्हा जसं झालं होतं, तसं मला हे कळल्यावर झालं.

तरी मी भांडलो. गप बसतो तोच चोर, हे माझं म्हणणं मी सोडलं नाही. निर्दोष माणूस ओरडेल की! तुम्ही म्हणालात, "म्हादूनं गुलाल का उचलला नाही, हे त्याला कधी विचारलंत?" मी म्हटलं, "मी कशाला इचारू?" तुम्ही म्हणालात, "बघा, म्हणजे तुम्हीपण गप्पच की." त्यावर मी चहा न घेता उठून गेलो. पुढच्या बाजाराला परत आलो. तो वाद तिथंच राहिलाय. तुम्ही जिंकलात असं मी म्हणणार नाही. राहिलाय, एवढं म्हणतो.

गेल्या आठवड्यात तुम्हाला नेलं तेव्हा कबरस्तानात केवढी माणसं. त्यातली निम्मी मी त्या बाकड्यावर बघितलेली. मी मागं उभा होतो. सलीमला विचारलं, "मी माती दिली तर चालंल का?" तो म्हणाला, "नाना, तुमच्यासाठीच तर थांबलोय." तीन मुठी दिल्या.  पहिली मूठ उचलताना सोळा वर्षांपूर्वी मुठीत उचललेला गुलाल आठवला.

नळावर हात धुवायला गेलो तर शेजारी म्हादू. तोही माती देऊन आलेला. सोळा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. एकाच बांधावर, पाच पावलांवर, आणि बोललो नव्हतो. तो हात धूत म्हणाला, "नाना, तू दर बाजाराला बाईंकडं जायचास, मला ठावं हाय. काय इचारायचास तेबी ठावं हाय."

मी नळाखाली हात धरले. तो पुढं म्हणाला,

"त्यांनी मला कधी इचारलंच न्हाय. पयल्या दिवशी म्हणल्या, तू केलंस का न्हाय हे मला नको सांगूस. सरकारला काय दाखवता येतंय ते आपण बघू. शेवटपर्यंत इचारलं न्हाय."

 म्हणजे बाई, तुम्हाला ठाऊकच नव्हतं! तेरा वर्षं मी विचारतोय आणि तुमच्यापाशी उत्तर नाहीच. 'मला ठाऊक नाही' एवढे तीन शब्द म्हणाला असतात तर मी पहिल्याच दिवशी उठून गेलो असतो. पण तेवढंही तुम्ही म्हणाला नाहीत. कारण वकील आणि अशील ह्यांच्यात काय बोलणं झालं आणि काय नाही झालं, तेही म्हादूचं होतं. तुमचं नव्हतं. द्यायला काही नसताना एवढं घट्ट झाकून ठेवलेलं गाठोडं मी जन्मात बघितलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, मला वाटायचं, आता थक्क व्हायचं काही राहिलेलं नाही.

म्हादूनं हात झटकले. "आता त्या न्हाईत. मी सांगतो तुला. इचार."

समोर उत्तर उभं होतं, बाई. इचार म्हणत होतं. व्हय म्हणाला तर माझा गुलाल खरा, काठी माझी. आणि मला तेव्हा कळलं, तुम्ही कोर्टात विचारलेलं तेरा वर्षांनी नीट कळलं. म्हादू काय म्हणतो त्यानं माझा गुलाल खरा होत नाही. त्यानं आग लावली असेल, नसेल. मी देवापुढं म्हटलं होतं, बघितला. आणि मी बघितलं नव्हतं. रंग बघून काहील उतरवली होती. गूळ चांगला निघाला असता तरी ते काम खोटंच.

"नको सांगू," मी म्हटलं. "मी तोंड बघितलं न्हवतं. एवढं माझ्यापाशी हाय. बाकीचं तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

 मग मी म्हटलं, "रविवारी डोंगरावर चाललोय. जोतिबाला सांगायचं हाय, त्यो गुलाल मी माघारी घेतो म्हणून. साक्षीदार लागतोय. येतोस?"

म्हादूनं नळ बंद केला. "येतो की. घोंगडं घिऊन येऊ का?"

कबरस्तानाच्या दारात आम्ही दोन म्हातारी हसलो, बाई. सलीमनं वळून बघितलं. त्याला राग आला नाही, तुम्ही शिकवलेलं घर ते.

"नको आणू," मी म्हटलं. "उघड्या तोंडानं ये. लांबनं वळखू आलं पायजे."